पोलीस नकोतही आणि हवेतही

मे १८३३ ची गोष्ट. लंडनमधल्या कोल्डबाथ फील्ड्स या मोकळ्या जागेत मताधिकार मागणाऱ्या कामगारांची सभा भरली होती. सरकारनं तिच्यावर बंदी घातली होती. पोलिसांनी दांडकी चालवली, झटापट झाली आणि त्यात रॉबर्ट कली नावाच्या शिपायाला कुणीतरी भोसकलं. तो मेला. मृत्यूची चौकशी करायला आसपासच्या साध्या माणसांची ज्यूरी बसली आणि तिनं निकाल दिला, की ही हत्या समर्थनीय आहे. कारण काय, तर पोलिसांनी आगळीक नसताना क्रूरपणे हल्ला केला. चौकशी अधिकाऱ्यानं निकाल बदला म्हणून परोपरीनं सांगून पाहिलं, पण ज्यूरी बधली नाही. वरच्या न्यायालयानं पुढे तो निकाल रद्द केला खरा. पण ज्यूरीतल्या लोकांचे जाहीर सत्कार झाले आणि त्यांच्या सन्मानार्थ पदकंही निघाली.

लंडनचं ते पोलीस दल तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. त्यामुळे ‘हल्ली लोकांना पोलिसांबद्दल आदरच राहिला नाही’ असं कुणी म्हणालं, की मला या ज्यूरीची आठवण होते. आदर आधी भरपूर होता आणि मोबाइल आल्यावर आटला, असा काही सरळ इतिहास नाही. राग पहिल्या दिवसापासून होता. ज्यांनी हे दल उभं केलं त्यांनाही तो येणार हे ठाऊक होतं.

गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये दल स्थापन केलं तेव्हा लोकांच्या मनात एकच धास्ती होती, की सरकार आपल्या उरावर फौज बसवतंय. ब्रिटिश फौजेचे कोट लाल असत, म्हणून पोलिसांना मुद्दाम निळे कोट दिले. हातात बंदूक न देता लाकडी दांडकं दिलं, तेही कोटाच्या आत दडवलेलं. प्रत्येकाच्या कॉलरवर नंबर लावला, म्हणजे कुणी दांडगाई केली तर तक्रार नेमकी कुणाची करायची हे लोकांना कळावं. (पोलिसांची ताकद लोकांच्या संमतीतून येते वगैरे सांगणारी ‘पील यांची नऊ तत्त्वं’ आज जगभर प्रशिक्षणात शिकवतात. ती यादी पील यांनी स्वतः लिहिल्याचा पुरावा मात्र सापडत नाही. आजची मांडणी विसाव्या शतकातल्या एका इतिहासकाराची आहे. विचार मात्र त्या काळात होताच.)

एवढी खबरदारी घ्यावी लागली, कारण या नोकरीचा गाभाच अवघड आहे. स्वतःच्याच नागरिकांवर बळ वापरायची परवानगी दुसऱ्या कुठल्या नोकरीत अशी रोजच्या रोज हाताशी नसते. डॉक्टरकडे आपण आपल्या पायानं जातो. पोलीस एकतर न बोलावता येतो किंवा आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासाला येतो. दोन्ही वेळा त्याला पाहून आनंद व्हावा असं काही नसतं.

मग हा माणूस दिवसभर करतो तरी काय? ‘गुन्हेगार पकडतो’ हे उत्तर सिनेमातलं. समाजशास्त्रज्ञ इगॉन बिटनर यांनी १९७० च्या दशकात यावर जी मांडणी केली, तिच्याइतकं नेमकं मला अजून काही सापडलेलं नाही. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: कुठेतरी नको ते घडतंय, आत्ताच्या आत्ता कुणीतरी काहीतरी करायला हवं, आणि वेळ पडली तर बळही वापरावं लागेल, अशा प्रत्येक प्रसंगी समाज ज्याला बोलावतो तो पोलीस. या व्याख्येत ‘गुन्हा’ हा शब्दच येत नाही. भांडण, अपघात, हरवलेलं मूल, छतावर चढून उडी मारायची धमकी देणारा माणूस, कुलूपबंद घरातून येणारी दुर्गंधी, हे सगळं त्यात बसतं.

एक प्रसंग जवळून पाहू. रात्री एक वाजता शेजाऱ्यांनी फोन केला, की बाजूच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतोय. दोन शिपाई दारात उभे राहतात. दार उघडतं. बाई म्हणते, ‘काही नाही, आवाज थोडा वाढला होता.’ तिच्या मागे पुरुष उभा. आत एक खुर्ची उलटी पडलेली. मूल जागं आहे आणि एक शब्द बोलत नाही. आता काय करायचं? समज देऊन निघायचं, बाईला बाजूला घेऊन बोलायचं, की पुरुषाला सोबत न्यायचं? निघून गेले आणि पहाटे विपरीत घडलं, तर ‘पोलीस येऊन गेले होते, तरी’ अशी बातमी होणार. त्याला उचलला आणि खरंच काही नव्हतं, तर निष्कारण घरात घुसल्याचा ठपका येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. निर्णयाला हाताशी वेळ पाच-दहा मिनिटांचा, आणि साहेब तिथे नसतात.

यातला शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बहुतेक संस्थांमध्ये वर जाल तसा निर्णयाचा अधिकार वाढतो. पोलीस दलात खाली उतराल तसा आपल्या बुद्धीनं ठरवायचा वाव वाढत जातो, हे राज्यशास्त्रज्ञ जेम्स विल्सन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. सर्वांत कमी पगाराचा, अनेकदा सर्वांत कमी अनुभवाचा माणूस सर्वांत नाजूक निर्णय घेतो, आणि तो घेताना वरिष्ठांपैकी कुणी पाहत नसतं. चांगला शिपाई इथेच कसाला लागतो, आणि वाईट शिपायाला मोकळं रानही इथेच मिळतं.

बरं, चांगलं काम मोजायचं कसं? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये एक धाडसी प्रयोग झाला. शहराच्या एका भागातली १५ गस्तक्षेत्रं तीन गटांत वाटली. एका गटात नेहमीची गस्त बंद करून फक्त कॉल आला तर जायचं ठरलं, दुसऱ्यात गस्त दुप्पट-तिप्पट वाढवली आणि तिसऱ्यात पूर्वीसारखी ठेवली. वर्षभरानं पाहिलं, तर गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. गस्त बदललीये हेच बहुतेकांना कळलं नव्हतं. याचा अर्थ पोलीस असून नसल्यासारखे, असा लगेच काढू नये. कॉल आला की तिन्ही ठिकाणी पोलीस पोहोचत होतेच. पुढे अमेरिकेतल्याच न्यूअर्क शहरात गाडीऐवजी पायी गस्त घालून पाहिली. गुन्हे तिथेही घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली. ओळखीचा चेहरा, चालता चालता झालेली विचारपूस, याचा परिणाम गुन्ह्यांच्या तक्त्यात दिसला नाही, लोकांच्या मनात दिसला.

लोकांच्या मनाचंच बोलू. ‘तुमचा पोलिसांवर विश्वास आहे का?’ या प्रश्नात किमान तीन प्रश्न दडलेले असतात. ते वेळेवर येतील का? आले तर नीट वागतील का? आणि ते आपल्या बाजूचे आहेत का? गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेत पोलिसांवर भरपूर विश्वास असणारे ४८ टक्के निघाले. जवळजवळ तीन दशकांच्या त्यांच्या नोंदींत हा आकडा पहिल्यांदाच निम्म्याखाली गेला होता. पण सरासरी फसवी असते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण ५६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांमध्ये १९. एवढ्यावरून कुणी म्हणेल, की कृष्णवर्णीयांना पोलीस नकोच असणार. त्याच उन्हाळ्यात गॅलपनं विचारलं, तुमच्या वस्तीत पोलिसांनी किती वेळ असावं? कृष्णवर्णीयांपैकी ८१ टक्के म्हणाले, आहे तेवढा किंवा त्याहून जास्त. हे मला अजिबात विसंगत वाटत नाही. ज्या वस्तीत गुन्ह्यांचा त्रास जास्त, तिथे पोलिसांची गरजही जास्त आणि पोलिसांकडून होणारा जाचही बहुधा जास्त. लोक दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात. वाद घालणारे त्यातली आपल्या सोयीची तेवढी उचलतात.

आता एका अप्रिय आकड्याकडे येतो. शिकागोचे अभ्यासक वेस्ली स्कोगन यांनी २००६ मध्ये पोलिसांशी आलेल्या प्रत्यक्ष संबंधांचा हिशेब मांडला. वाईट अनुभवाचं वजन चांगल्या अनुभवाच्या चौपट ते चौदापट भरलं. चांगल्या वागणुकीचा मत सुधारण्यावर परिणाम जवळजवळ शून्यच. नम्रपणे वागलेला पोलीस म्हणजे ‘तेवढं तर त्याचं कामच आहे’, आणि उर्मट वागलेला म्हणजे ‘हे सगळे असेच’. सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्यात एकाचा अनुभव त्या एकाजवळ राहत नाही, घरात, मित्रांत, पुढच्या पिढीत तो सांगितला जातो. पोलिसांशी कधीच संबंध न आलेल्यांचंही पक्कं मत असतं, ते यामुळेच.

यावर पोलीस अधिकारी हमखास म्हणतात, ‘ज्याला दंड केला तो नाराज होणारच.’ ऐकायला पटतं, पण तपासल्यावर पुरतं टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८० च्या दशकात शिकागोतल्या दीड हजारांहून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या. निकाल आपल्या बाजूनं लागला की विरुद्ध, यापेक्षा आपल्याशी कसं वागले याचा लोकांच्या मतावर जास्त परिणाम होत होता. आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, नियम सगळ्यांना सारखा लावला का, माणूस म्हणून मान ठेवला का, आणि समोरच्याचा हेतू सरळ वाटला का, एवढंच लोक पाहत होते. दंड भरूनही माणूस ‘ठीक आहे, माझीच चूक होती’ म्हणत घरी जाऊ शकतो. उलट दंड न होताही अपमान वर्षानुवर्षं जिवंत राहतो.

हे प्रत्यक्षात आणता येतं का, ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००९-१० मध्ये पाहिलं गेलं. चालकांनी दारू प्यायली आहे का हे तपासणाऱ्या ६० नाकाबंद्या निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, त्यातल्या ३० नेहमीच्या पद्धतीनं आणि ३० नव्या पद्धतीनं घ्यायच्या ठरल्या. नेहमीची पद्धत म्हणजे फुंका, ठीक, जा. नव्या पद्धतीत पोलिसाच्या हातात मुद्द्यांचं एक कार्ड होतं. तो आधी सांगे, की तुम्हाला संशयावरून थांबवलेलं नाही, आम्ही कुठलीही गाडी थांबवतोय. मग गेल्या वर्षी रस्त्यांवर किती माणसं गेली ते सांगे, आणि घरच्यांना जाऊन ती बातमी देणं हा आमच्या नोकरीतला सगळ्यात कठीण भाग असतो, हेही. पुढे विचारे, तुमच्या भागात पोलिसांनी कशाकडे लक्ष द्यावं असं तुम्हाला वाटतं? शेवटी आभार मानून सोडे. सगळं मिळून साधारण दीड मिनिटाचं बोलणं. नंतर भरून आलेल्या प्रश्नावल्यांमध्ये नव्या पद्धतीच्या चालकांचं पोलिसांबद्दलचं मत स्पष्टपणे बरं निघालं.

गोष्ट इथे संपली असती तर फार सोपं झालं असतं. २०१३-१४ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडनं हाच प्रयोग केला, आणि तो उलटला. जिथे नवी पद्धत वापरली तिथे चालकांचं समाधान आणि विश्वास वाढायच्या ऐवजी किंचित घसरला. संशोधक चक्रावले आणि नंतर त्या पोलिसांशीच बोलायला बसले. तेव्हा उलगडा झाला. एप्रिल २०१३ मध्ये स्कॉटलंडची आठ वेगवेगळी दलं मोडून एकच दल केलं गेलं होतं. शिपायांना वाटत होतं, की सगळे निर्णय वरून लादले जातायत, आपल्याला कुणी काही विचारत नाही, सांगतही नाही. त्यातच हे कार्ड आलं. ज्याचं म्हणणं त्याच्या साहेबांनी ऐकलेलं नाही, त्यानं रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसाला ‘तुमचं म्हणणं काय’ असं विचारायचं होतं. ते वाचून दाखवल्यासारखं झालं असल्यास नवल नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित धागा हाच आहे. लोकांशी न्यायानं वागा हे शिपायाला भिंतीवर लिहून सांगतात, पण त्याच्याशी खात्यात न्यायानं वागलं जातं का, हे क्वचितच कुणी विचारतं. बदली कशी होते, रजा कुणाला मिळते, चूक झाली की चौकशी सरळ होते की खालच्यावर ढकलून वरचे मोकळे होतात, आणि ऐनवेळी लागलेल्या बंदोबस्तामुळे झोपेचं काय होतं? फिरत्या पाळ्यांमुळे झोप बिघडते आणि अपुऱ्या झोपेचा माणूस लवकर चिडतो, यात कसलं रहस्य नाही. शिवाय प्रशिक्षणापासून डोक्यात भरवलेलं असतं, की थांबवलेल्या प्रत्येक गाडीत हत्यार असू शकतं. हा सावधपणा कधीतरी जीव वाचवतो. बाकी शेकडो वेळा तो निरपराध माणसाला अपमानासारखा लागतो. खिशात हात घालणारा चालक परवाना काढत असतो आणि पोलीस त्याच्या हातावर डोळे रोखून असतो. दोघंही घाबरलेले असतात. फरक इतकाच, की एकाजवळ अधिकार असतो, म्हणून संयमाची जबाबदारीही त्याच्यावर जास्त येते.

आता ‘आजच्या’ अडचणी. पहिली म्हणजे, इतर यंत्रणा जे सोडतात ते पोलिसांच्या पदरात पडतं. मानसिक आजाराचा झटका आलेला माणूस हे याचं ठळक उदाहरण. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९८७ मध्ये अशाच एका माणसाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. दुसऱ्या वर्षी तिथे निवडक पोलिसांना ४० तासांचं खास प्रशिक्षण देणारी पद्धत सुरू झाली, आणि तिचं अनुकरण पुढे अनेक ठिकाणी झालं. ओरेगॉनमधल्या युजीन शहरानं १९८९ पासून वेगळी वाट धरली. अशा बऱ्याच कॉलवर पोलिसांऐवजी एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशक जात. जगभर वाखाणलेली ही सेवा २०२५ मध्ये पैशांअभावी त्या शहरात थांबली. इंग्लंडमध्ये हंबरसाइड पोलिसांनी २०२० पासून ठरवलं, की जीवाला धोका किंवा गुन्हा नसेल तर आरोग्याच्या कॉलवर आम्ही जाणार नाही, ज्याचं काम त्यानं करावं. २०२३ मध्ये हे धोरण देशभर स्वीकारलं गेलं. तत्त्व योग्य आहे. पण ज्याचं काम त्याच्याकडे रात्री तीन वाजता माणूस नसेल तर काय, याचं उत्तर धोरण लिहून मिळत नाही.

दुसरी अडचण, गुन्हाच हद्द ओलांडून गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्ह्यांच्या पाहणीत जवळपास ४० टक्के गुन्हे फसवणुकीचे निघतात, आणि त्यासाठी दिलेलं मनुष्यबळ नगण्य आहे. फसवणारा परदेशात, पैसे चार खात्यांतून फिरून गायब, आणि तक्रार घेणारा शिपाई जवळच्या ठाण्यात. पोलिसांची हद्द नकाशावर आखलेली असते, फसवणूक करणाऱ्याला ती लागू होत नाही. तक्रारदाराला मात्र एवढंच दिसतं, की पोलिसांनी कागद घेतला आणि पुढे काही झालं नाही.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. २५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात म्हटलं होतं, की पोलीस कारवाईदरम्यान वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू झाला. एका पोलिसानं त्यांच्या मानेवर गुडघा दाबून धरला होता, त्याचा उल्लेख नव्हता. रस्त्यावरच्या एका मुलीनं मोबाइलवर चित्रीकरण केलं नसतं, तर कदाचित ते निवेदनच अधिकृत सत्य म्हणून राहिलं असतं. त्यामुळे ‘व्हिडिओमुळे पोलीस बदनाम होतात’ या तक्रारीत मला फारसा दम वाटत नाही. एवढं मात्र खरं, की व्हायरल होणारा तुकडा बहुधा मधूनच सुरू होतो, आणि त्याआधीची दहा मिनिटं कुणी पाहिलेली नसतात.

मग पोलिसांच्याच छातीवर कॅमेरे लावले तर? कॅलिफोर्नियातल्या रियाल्टो या छोट्या शहरात २०१२-१३ मध्ये लावले, आणि तक्रारी सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या. सगळीकडे कॅमेऱ्यांची मागणी सुरू झाली. नंतर वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून जास्त पोलिसांवर मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा बळाच्या वापरात आणि तक्रारींत दखल घ्यावा असा फरक दिसला नाही. कॅमेरा कधी सुरू ठेवायचा, फुटेज कोण तपासणार, ते लोकांना कधी दाखवणार, हे नियम ढिले असतील तर कॅमेऱ्याचा उपयोग मुख्यतः खटल्यात पुरावा म्हणून होतो. तोही उपयोगच आहे, पण लोकांना सांगितलं गेलं होतं ते वेगळं.

मुळापासून सुधारणा होतच नाही असंही नाही. जॉर्जिया या देशात वाहतूक पोलिसांची लाचखोरी इतकी माजली होती, की २००४ मध्ये नव्या सरकारनं हजारो वाहतूक पोलिसांना एकदम घरी पाठवलं. नवी भरती केली, पगार कित्येक पटींनी वाढवले, आणि नवी ठाणी काचेच्या भिंतींची बांधली, म्हणजे आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसावं. रस्त्यावरची किरकोळ लाच जवळपास संपली. काही वर्षांत जनमत पाहण्यांत पोलीस देशातल्या सर्वांत विश्वासार्ह संस्थांमध्ये जाऊन बसले. पण नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच सरकारनं विरोधकांचा मोर्चा दंगलविरोधी पोलीस लावून मोडून काढला. सप्टेंबर २०१२ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाचे व्हिडिओ टीव्हीवर आले. लोक रस्त्यावर उतरले आणि गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. दोन आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला.